बर्डीवरचं मोमेंटोचं दुकान: काम अस्सल, वेळ मात्र हाताशी ठेवा

वनस्पतिशास्त्राच्या आमच्या मॅडम निवृत्त झाल्या. त्यांचं सारं संशोधन मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या वनस्पती-जीवाश्मांवर. चर्टचा, म्हणजे गारगोटीसारखा कठीण, दगड घासायचा, आम्लाने हलकेच कोरायचा, वरचा पापुद्रा सोलून काढायचा आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, यात हयात गेली. अशा बाईंना चांदणीवाली प्लास्टिकची ट्रॉफी द्यायला मन धजेना.

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) मेन रोडच्या मागच्या गल्लीत हे लहानसं दुकान आहे. मी एनिग्मोकार्पन परिजाईच्या आडव्या छेदाचं रेखाचित्र नेलं. मोहगावच्याच या जीवाश्म फळाचं वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1943 साली केलं, नाव दिलं वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजांच्या सन्मानार्थ. कारागीर भाऊंनी भिंग लावून चित्र पाहिलं नि म्हणाले, "ताई, लेझरने हे कप्पे भरून जातील. हातानेच करतो." सागाच्या फळीवर पितळी चकती, तिच्यावर एकेक कप्पा सुटा, आतल्या बियासुद्धा दिसतात. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत, सांगितलं तसंच. मॅडमनी शाल बाजूला ठेवून आधी कप्पे मोजले!

2200 रुपये लागले. या कामाला रास्तच आहेत. पेटी मात्र साध्या पुठ्ठ्याची, आणि वस्तू हातात आली ती थेट समारंभाच्या सकाळी. तोवर जीव टांगणीला. त्यामुळे ऑर्डर पुष्कळ आधी द्या, आणि चित्र काळ्या शाईत स्वच्छ काढून न्या. मोबाइलवरचा फोटो ते घेत नाहीत.