बान्स्को की स्मोल्यान? बल्गेरियाच्या डोंगरात चार-पाच दिवस काढायचे तर

बल्गेरियाला जायचं म्हटलं की सोफिया आणि प्लोवदिव ही दोन नावं यादीत आपोआप येतात. गाडी अडते ती तिसऱ्या नावापाशी. डोंगरातलं एखादं लहान शहर हवं असतं, निवांत राहता येईल असं, आणि चौकशी केली की बान्स्को आणि स्मोल्यान ही दोन नावं पुढे येतात. मी दोन्हीकडे राहिले आहे. बान्स्कोला दोनदा, त्यातल्या एका खेपेला आई-बाबा सोबत होते. स्मोल्यानला एकदाच, पण सलग आठ दिवस. माझं मत आधीच सांगून टाकते. हाताशी तीनच दिवस असतील, गाडी चालवायची नसेल आणि उंच शिखरं बघायची असतील तर बान्स्को. पाच दिवस काढू शकत असाल आणि निसर्ग, जेवण, लोकजीवन हे तिन्ही हवं असेल तर स्मोल्यान.

बान्स्को हे पिरिन पर्वताच्या पायथ्याचं गाव, उंची साधारण ९२५ मीटर, वस्ती दहा हजारांच्या आतली. सोफियाहून दक्षिणेला दीडशे-एकशे साठ किलोमीटर, बसनं तीन तास धरून चाला. स्मोल्यान रोदोपी पर्वतात, ग्रीसच्या सीमेकडे, हजार मीटरच्या आसपास वसलेलं. ते जिल्ह्याचं ठिकाण आहे, त्यामुळे दवाखाना, बाजार, सरकारी कचेऱ्या सगळं आहे, फक्त रेल्वे नाही. सोफियाहून ते अडीचशे किलोमीटर पडतं, म्हणून प्लोवदिवला मुक्काम करून तिथून जाणं सोयीचं. शंभर किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि वाटेत बाचकोवोचा मठ लागतो, १०८३ साली स्थापन झालेला. स्वतःची गाडी असेल तर तिथे तासभर थांबाच.

पहिल्या भेटीत बान्स्को जिंकतं, यात वाद नाही. जुन्या भागात दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीहून मोठ्या दगडी भिंती, त्यात जाडजूड लाकडी दरवाजे. ही घरं गढीसारखी बांधलेली आहेत, कारण हा मुलूख १९१२ पर्यंत उस्मानी साम्राज्यात होता आणि इथल्या व्यापाऱ्यांना आपला पैसा आणि माणसं दोन्ही जपायची होती. वेल्यानोव्हांचं घर आता संग्रहालय आहे, ते चुकवू नका. चर्चमध्ये कोरीवकाम आणि रंगकाम करायला आलेला कारागीर वेल्यान ओग्नेव याला गावानं हे घर दिलं आणि त्यानं ते आतून स्वतःच्या हातानं रंगवलं. तो ज्या चर्चसाठी आला ते पवित्र त्रिमूर्तीचं चर्च १८३५ सालचं, शेजारचा घंटेचा मनोरा १८५० चा, तीस मीटर उंच. पण जुना भाग ओलांडून गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या दिशेनं चालू लागलात की दुसरंच बान्स्को सुरू होतं. हॉटेलं, अपार्टमेंट, स्कीचं सामान भाड्यानं देणारी दुकानं, रात्री उशिरापर्यंत गाणी. स्की हंगामात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, गोंडोलासाठी सकाळी लांब रांग लागते. या वाढीवरून बल्गेरियातही बराच संताप आहे. पिरिनच्या राष्ट्रीय उद्यानात आणखी बांधकामाला वाट मिळेल या भीतीनं २०१८ च्या सुरुवातीला सोफियात लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांची काळजी रास्त वाटते. मी जुलैत गेले तेव्हा अर्धीअधिक दुकानं बंद होती आणि तेच बान्स्को मला जास्त आवडलं.

स्मोल्यान उलट आहे. पहिल्या नजरेत ते भरत नाही. १९६० साली उस्तोवो, राय्कोवो आणि त्यांच्या शेजारचं आणखी एक गाव अशी तीन गावं जोडून हे शहर केलं. त्यामुळे ते चेर्ना नदीच्या काठानं लांबच लांब पसरलं आहे, मधे काँक्रीटच्या मोठ्या सरकारी इमारती आणि दोन टोकांना जुनी घरं. बसमधून उतरल्यावर वाटलं होतं, आपण चुकलो. मुक्काम मध्यभागी घेतलात तर बसस्थानक जवळ पडतं, राय्कोवो किंवा उस्तोवोत घेतलात तर जुन्या घरांमध्ये राहता येतं. दोन दिवसांहून जास्त राहणार असाल तर दुसरा पर्याय बरा.

आता डोंगर. इथे दोघांची जात वेगळी आहे. पिरिन म्हणजे सह्याद्रीच्या माणसाला धाक वाटेल असा उघडा, खडकाळ पर्वत. १९८३ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. सर्वोच्च शिखर विहरेन, २९१४ मीटर. बाल्कनमध्ये त्याहून उंच दोनच शिखरं आहेत, रिला पर्वतातलं मुसाला आणि ग्रीसचं ऑलिंपस. विहरेनचा माथा संगमरवरी खडकाचा, त्यामुळे उन्हात तो बर्फासारखा पांढरा दिसतो. चढाई बहुतेकजण विहरेन हट या डोंगरातल्या निवाऱ्यापासून सुरू करतात. ती हट १९५० मीटरवर आहे, म्हणजे आपण चालायला सुरुवात करतो तेव्हाच कळसूबाईच्या तीनशे मीटर वर असतो. तिथून माथ्यापर्यंत तीनेक तास. दोरी लागत नाही, पण शेवटचा टप्पा दमछाक करणारा आहे आणि उन्हाळ्यात दुपारी विजांचा पाऊस येतो, म्हणून पहाटे निघावं. एवढं चढायचं नसेल तर त्याच हटपासून हिमनदीनं कोरलेल्या तळ्यांकडे जाणाऱ्या वाटा आहेत.

आई-बाबांच्या गुडघ्यांना यातलं काहीच झेपणारं नव्हतं. त्यांना आम्ही टॅक्सीनं बाय्कुशेवच्या पाइनपाशी नेलं. बान्देरित्सा हटजवळ रस्त्याला लागूनच हे झाड उभं आहे. तेराशे वर्षांच्या आसपासचं मानतात. बल्गेरियाचं राज्य ६८१ साली उभं राहिलं, झाडाचं वयही जवळपास तेवढंच. साल राखाडी, तिला बोटभर खोल भेगा, बुंध्याला कवेत घ्यायला चार-पाच माणसं लागतील. भोवती कुंपण आहे. बाबा कुंपणाबाहेर हात जोडून उभे राहिले. शेजारी एक बल्गेरियन आजी तिच्या नातवाला बहुधा झाडाचं वय सांगत होती. तिनं बाबांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

रोदोपीमध्ये असा धाक नाही. डोंगर गोलसर, पाइनच्या जंगलानं आणि कुरणांनी झाकलेले, मधेमधे एखादं खेडं. इथे शिखर गाठायचं नसतं, चालायचं असतं. शहरापासून थोड्याच अंतरावर धबधब्यांची घळ आहे. लाकडी पूल आणि पायऱ्यांची वाट एकामागून एक धबधबे दाखवत वर जाते, त्यातला सर्वात उंच ऑर्फियस, ६८ मीटरचा. पाणी एप्रिल ते जूनमध्ये भरपूर असतं, ऑगस्टअखेरीस धार बारीक होते. अर्धा दिवस राखून ठेवा आणि बूट पकड असलेले घाला, पायऱ्या निसरड्या असतात. त्रिग्रादची गुहा मात्र लांब आहे, तासाभराहून जास्त प्रवास, आणि स्वतःची गाडी नसेल तर जवळपास अशक्य. तिला सैतानाचा घसा म्हणतात. नदी गर्जत आत पडते आणि जमिनीखाली गडप होते. ऑर्फियस आपल्या बायकोला परत आणायला पाताळात इथूनच उतरला, असं तिथले लोक सांगतात. बाहेर यायला तीनशे एक पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे वयस्कर माणसांना नेण्याआधी विचार करा.

जेवणाचा प्रश्न मराठी घरात सगळ्यात आधी निघतो, तेव्हा त्यावर जरा थांबते. बान्स्कोचं स्वयंपाकघर मांसाहाऱ्यांचं आहे. तिथली ओळख म्हणजे कापामा. आंबवलेली कोबी, तांदूळ आणि तीन-चार प्रकारचं मांस मातीच्या भांड्यात थरावर थर लावून, झाकण कणकेनं बंद करून मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात. आपल्याकडच्या दम देण्याचीच ही रीत. दुसरं म्हणजे बान्स्की स्तारेत्स, वाळवलेला सॉसेज, पातळ चकत्या करून खायचा. मेहाना म्हणतात अशा जुन्या खानावळी गल्लोगल्ली आहेत, आणि मांस खाणाऱ्याला तिथे चार दिवस कमी पडतील. शाकाहाऱ्याला पहिल्या दिवशी शोप्स्का सॅलड, काकडी-दही-अक्रोडाचं थंडगार तारातोर, आणि अंडं चालत असेल तर भाजलेल्या मिरच्या, अंडी आणि चीज घातलेलं मिशमाश मजेत लागतं. तिसऱ्या दिवशी तेच तेच होतं.

स्मोल्यानमध्ये शाकाहारी माणूस पाहुणा नसतो, घरचाच असतो. रोदोपी हा बटाटा, कडधान्य आणि दुधाचा मुलूख. मी ज्या घरी उतरले होते तिथल्या बाईंनी मला पतातनिक करून दाखवलं. बटाटे किसले, मीठ चोळून ठेवले, मग मुठीत घेऊन पाणी घट्ट पिळून काढलं. त्यात कांदा, खारं पांढरं सिरेने चीज आणि चुरडलेला पुदिना. जाड तव्यावर तेल सोडून हा सगळा किस हातानं थापला, थेट थालीपिठासारखा, फक्त दोन बोटं जाड. आच अगदी बारीक. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी तव्यावर मोठं ताट पालथं घातलं, एका झटक्यात उलटवलं आणि दुसऱ्या बाजूनं परत सोडलं. कडा तांबूस कुरकुरीत, आत मऊ, आणि पुदिन्याचा वास आधी येतो, बटाट्याची चव मागाहून. सोबत दही. मी आठ दिवसांत चार वेळा खाल्लं. भातभरल्या पिठाच्या पापुद्र्यांचा क्लिन आणि स्मिल्यान गावचे मोठाले चट्टेपट्टेरी घेवडे ही आणखी दोन नावं लक्षात ठेवा. ते दाणे पाहून कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आठवण आली, पण हे आकारानं बरेच मोठे आणि शिजल्यावर लोण्यासारखे. चहाला तिथेही ‘चाय’च म्हणतात, पण मुर्साल डोंगरातला चाय म्हणजे एका रानवनस्पतीचा काढा, दूध-साखर न घालता मधाबरोबर प्यायचा. मांस खाणाऱ्यांची इथे उपासमार नाही. सणासमारंभाला अख्खं कोकरू शेगडीवर फिरवत भाजतात, त्याला चेवेर्मे म्हणतात.

दोन्हीकडे उपयोगी पडणारे दोन शब्द. ‘बेझ मेसो’ म्हणजे मांस नको. ‘पोस्तनो’ म्हणजे उपासाचं, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. घेवड्याच्या चोर्बात, म्हणजे सूपमध्ये, कधी कधी मांसाचा तुकडा असतो, म्हणून नुसतं नाव वाचून मागवू नका. आणि बल्गेरियन माणूस ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतो, ‘नाही’ म्हणताना वर करतो. हाताशी शब्द ठेवा, ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही.

संस्कृतीच्या बाबतीत बान्स्को पुस्तकातलं आहे, स्मोल्यान कानातलं. बान्स्कोनं निओफित रिल्स्की हा शिक्षक-विद्वान दिला, निकोला वाप्त्सारोव हा कवी दिला, ज्याला १९४२ साली गोळ्या घातल्या. दोघांची जन्मघरं पाहता येतात. ऑगस्टमध्ये जॅझ महोत्सव होतो, चौकात.

पण मी स्मोल्यानला गेले ती एका आवाजासाठी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर भारताचा एकच सूर आहे, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी. त्याच तबकडीवर रोदोपीचं एक लोकगीत आहे, वाल्या बाल्कान्स्का यांच्या गळ्यातलं. त्यांचं जन्मगाव आर्दा हे स्मोल्यानजवळच. साथीला काबा गायदा, बकरीच्या कातड्याच्या पिशवीचा, खर्जात बोलणारा बॅगपाइप. स्मोल्यानहून वीस-पंचवीस किलोमीटरवर शिरोका लाका नावाचं खेडं आहे, पांढऱ्या भिंतींची घरं आणि ओढ्यावर दगडी कमानीचे पूल. तिथे लोकसंगीताची शाळा आहे. दुपारी पुलावर बसले होते तर वरच्या खिडकीतून कुणीतरी गायदाचा सराव करत होतं. एक खालचा सूर अखंड धरलेला, तानपुऱ्याच्या खर्जासारखा, त्यावर एकच तान पुन्हा पुन्हा, चुकली की पहिल्यापासून. मी तिथून तासभर उठले नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी याच गावात केसाळ कातडी आणि घंटा बांधून कुकेरी नाचतात. तो दिवस साधता आला तर सहल त्याभोवतीच आखा.

स्मोल्यान शहरात इतिहास संग्रहालय उत्तम आहे, लोकरीच्या घोंगड्या आणि मुखवट्यांसाठी. मुलं असतील तर तारांगण दाखवा, १९७५ सालचं. आसपासच्या खेड्यांत मशिदीचा मिनार आणि चर्चचा घुमट एकाच चढावर दिसतात. इथले बरेच बल्गेरियन भाषिक लोक मुसलमान आहेत, पोमाक म्हणतात त्यांना. कुणी फोटो नको म्हटलं तर कॅमेरा खाली ठेवावा.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया शेंगेनमध्ये पूर्णपणे आहे, त्यामुळे जर्मनी-नेदरलँड्सचं निवासपत्र असलेल्या मराठी मंडळींना वेगळी खटपट नाही. १ जानेवारी २०२६ पासून चलनही युरो. लहान खेड्यांत रोख जवळ ठेवा. बर्फावर पहिल्यांदाच उभे राहणार असाल तर बान्स्कोपेक्षा स्मोल्यानजवळच्या पाम्पोरोवोचे उतार सौम्य आहेत. डोंगर चालायचे तर जून अखेर ते सप्टेंबर.

आठवडा हाताशी असेल तर दोन्ही जोडा, आणि जोडताना बस घेऊ नका. बान्स्कोहून सेप्तेम्व्रीला अरुंद रुळांची गाडी जाते, ७६० मिलिमीटरची, माथेरानच्या गाडीहून जरा रुंद. पाच तासांच्या आसपास लागतात. आव्रामोवो हे बाल्कनमधलं सर्वात उंच स्थानक, १२६७ मीटर. त्याच्या पुढे गाडी वेटोळी घेत खाली उतरते आणि आपण मघाशी ज्या रुळांवर होतो ते डोक्यावर दिसतात. सेप्तेम्व्रीला मोठ्या गाडीत बसून प्लोवदिव, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्मोल्यानची बस. गाडीत खायला काही मिळत नाही, निघताना बान्स्कोच्या बेकरीतून गरम बानित्सा, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, बांधून घ्या.