वाढवलेल्या खोलीतले सीलिंग लाइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काम असं होतं: जुन्या हॉलला लागून परसाच्या बाजूला 12 बाय 14 फुटांची खोली. वर आरसीसी स्लॅब, खाली 12.5 मिमी जिप्समचं फॉल्स सीलिंग, दोन्हींमध्ये सहा इंचांची पोकळी. त्यात 12 वॅटचे आठ गोल एलईडी. वापर जानेवारी ते ऑगस्टअखेर, म्हणजे कोल्हापूरचा उन्हाळाही झाला आणि पावसाळाही.

वायरमनला सुरुवातीलाच एक अट घातली होती. पोकळीतला प्रत्येक जोड लाइटच्याच भोकातून हाताला लागला पाहिजे. आठ महिन्यांत दोन ड्रायव्हर (एलईडीला हवा तेवढा करंट देणाऱ्या डब्या) गेले आणि दोन्ही वेळा सीलिंगला धक्का न लावता दहा-पंधरा मिनिटांत बदलले. एलईडीत चिप सहसा टिकते, आधी जातो तो ड्रायव्हर. त्यामुळे 'लाइट पाच वर्षं बघायला नको' म्हणणाऱ्याचं ऐकून वर जोड गाडून टाकू नयेत.

वायरिंग लूपिंगने केलं. 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर पहिल्या लाइटला येते, तिथून दुसऱ्याला जाते, आणि मध्ये कुठेच जोड नाही. आठ लाइट मिळून 96 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला अर्धा अँपिअरही नाही. 6 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) भरपूर झाला. प्रत्येक भोकापाशी फेज, न्यूट्रल आणि अर्थसाठी तीन तोंडांचा एकेक लिव्हर कनेक्टर: एक वायर आली, एक पुढे गेली, एक ड्रायव्हरला. पिळून टेप मारलेला जोड स्वस्त पडतो, पण वरच्या उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो, आणि ड्रायव्हर बदलताना जोड दर वेळी कापावा लागल्याने वायर आखूड होत जाते. लिव्हर उचलला की वायर बाहेर, दाबला की आत. फक्त सोलायची लांबी कनेक्टरवर दिलेल्या खुणेइतकीच ठेवायची. जास्त सोलली तर उघडं तांबं बाहेर दिसतं, कमी सोलली तर पकड इन्सुलेशनवर बसते.

भोकापाशी वायरची ढील किती ठेवायची यावरून बरीच हुज्जत होते. आमचं माप सोपं आहे: वायर सीलिंगच्या खाली एक फूट लोंबली पाहिजे. शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी जोड करता येतो तो एवढ्या ढिलीतच. चार इंच सोडली तर एका हाताने लाइट धरून दुसऱ्याने भोकात चाचपडत बसावं लागतं. दोन-अडीच फूट सोडली तर वेटोळं ड्रायव्हरवर पडतं आणि लाइट भोकात धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगमध्ये अडकतं.

खरी गोची फॅन बॉक्सची. सेंट्रिंगच्या वेळी स्लॅबमध्ये बसवलेले बॉक्स एका आखणीने असतात, आणि सीलिंगवाला लाइटची रांग नंतर स्वतःच्या अंदाजाने सरकवतो. बॉक्स भोकापासून तीन फुटांवर गेला की त्यातला जोड कायमचा गाडला गेला म्हणायचा. म्हणून बॉक्समध्ये जोड मारलेच नाहीत, वायर तिथून सरळ पुढे नेली. जिप्समचे बोर्ड ठोकण्याआधी दोन भिंतींपासून टेप धरून प्रत्येक बॉक्सचे फोटो काढले आणि मापांचा कागद डीबीच्या (एमसीबी असलेल्या मुख्य पेटीच्या) दाराला आतून चिकटवला. पॅसेजमध्ये 18 इंची ट्रॅपडोअरही (सीलिंगमधली उघडणारी झडप) ठेवलंय, पण त्यातून हात जेमतेम दोन फूट पोचतो. ट्रॅपडोअर आहे म्हणून जोड कुठेही मारायचे, हा हिशेब चुकतो.

जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यावर कडक पीव्हीसी पाइप सरळ नेऊ नये. दोन्ही बाजू सारख्या खचत नाहीत, मग पाइप कपलरमधून (दोन पाइप जोडणाऱ्या तुकड्यातून) निसटतो. तेवढ्यापुरता फ्लेक्सिबल पाइप थोडा झोल देऊन घातला. दुसरी चूक न्यूट्रलची. नव्या खोलीची फेज नव्या सर्किटमधून आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून हॉलच्या जुन्या स्विचबोर्डातून घेतला, तर गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही आणि लाइट लावताच आरसीसीबी (हा फरक पकडून वीज तोडणारा स्विच) पडतो. दोष लाइटमध्ये शोधत बसतात, असतो मात्र स्विचबोर्डात. इथे दोन्ही वायरी डीबीपासून एकत्रच आणल्या.

जुलैत त्याच सांध्यातून ओल उतरली. पाणी पाइपाच्या पाठीवरून चालत सर्वांत जवळच्या भोकाशी येऊन टपकलं. गेलेल्या दोन ड्रायव्हरपैकी एक तोच. एमसीबी पाडून, टेस्टरने तपासून लाइट उतरवला तेव्हा कनेक्टर कोरडे होते, कारण वायर आधी खाली झोका घेऊन मग वर ड्रायव्हरकडे जात होती आणि पाणी झोक्याच्या तळाशी थेंबाने पडत होतं. तरी हा लाइट सांध्यापासून एक फुटावर ठेवायलाच नको होता, निदान तीन फूट हवेत.

नावडलेली गोष्ट म्हणजे भोकाची कड. स्प्रिंग दाबून लाइट उतरवला की जिप्सम थोडं झडतं. तिसऱ्यांदा उतरवल्यावर एका भोकाची कड इतकी खचली की लाइट एका बाजूने लोंबायला लागला. वरून प्लायची रिंग चिकटवून, जॉइंटिंग कंपाउंड भरून, वाळल्यावर घासून घेतलं, तेव्हा बसला. पुन्हा करायचं झालं तर आठही भोकांवर रिंगा आधीच लावून घेऊ. एका भोकात स्प्रिंग जीआय चॅनेलला (सीलिंगच्या सांगाड्यातल्या पत्र्याच्या पट्टीला) अडते. कापण्याआधी सीलिंगवर लोहचुंबक फिरवला असता तर स्क्रूंच्या रांगेवरून चॅनेल कळलं असतं आणि भोक दोन इंच सरकवता आलं असतं.

लाइट घेताना खोक्यावरचं कटआउट (भोकाचं माप) आणि ड्रायव्हरचं माप दोन्ही बघावं. तीन इंची भोकातून ड्रायव्हर कनेक्टरसकट आडवा निघत नाही, आधी ड्रायव्हर उभा करून काढावा लागतो. चार इंचीत सगळं एकत्र खाली येतं. ड्रायव्हर बदलताना वॅटेजबरोबर आउटपुटचा मिलिअँपिअर आणि व्होल्टेजची रेंजही जुळवावी. करंट जास्त असलेला ड्रायव्हर लावला तर प्रकाश वाढतो आणि चिप लवकर जळते. म्हणून त्याच खोक्यातले दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन डीबीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते. दोन्ही वापरून झाले.