शिकागोतला तरुणांचा गोळीबार: शाळेतला गट, उन्हाळी नोकरी की रस्त्यावरचा मध्यस्थ?

शिकागोत तरुणांमधला गोळीबार थांबवण्याच्या कामाला वेळ किंवा पैसा द्यायचा असेल, तर मुलगा बंदुकीच्या किती जवळ पोचलाय हे आधी पाहा. तिन्ही कार्यक्रम नावाजलेले आहेत, पण ते वेगवेगळ्या मुलांसाठी आहेत.

शाळेत अजून येणाऱ्या, पण भांडणांत सापडणाऱ्या मुलासाठी ‘बिकमिंग अ मॅन’ चांगला. आठवड्यातून एक तास, शाळेच्याच वेळेत, छोट्या गटात. सुरुवातीचा एक खेळ असा: एकाच्या मुठीत चेंडू, जोडीदारानं तो ३० सेकंदांत मिळवायचा. बहुतेक जण झटापट करतात. समुपदेशक विचारतो, ‘नुसता मागितला का नाहीस?’ ‘दिला नसता त्यानं.’ चेंडूवाला म्हणतो, ‘दिला असता की, चेंडूच तर आहे.’ समोरच्याच्या मनातलं आपण क्षणात गृहीत धरतो, हे तिथं मुलाला स्वतःलाच दिसतं; रस्त्यावरच्या कितीतरी गोळ्या अशाच गृहीतकातून सुटतात. चिठ्ठ्या टाकून मुलं निवडलेल्या चाचण्यांत, कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. तो संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम टिकला नाही. म्हणून एकाच वर्षाची देणगी इथं अपुरी पडते.

‘वन समर प्लस’ हा उन्हाळी नोकरीचा कार्यक्रम सोपा. २०१२ मध्ये ८ आठवडे, आठवड्याला २५ तास, किमान वेतनावर काम दिलं. साधारण दहा मुलांमागे एक मोठा मार्गदर्शक. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्के कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः उन्हाळा संपल्यावरची. म्हणजे मुलं केवळ कामात गुंतली म्हणून शांत राहिली, असं नव्हे. तुमचं दुकान किंवा कार्यालय असेल, तर एका मुलाला काम देणं हाच सर्वांत सरळ मार्ग.

सूडाची भाषा सुरू झाली असेल, तर वरच्या दोन्ही उपायांना उशीर झालेला असतो. तिथं ‘क्युअर व्हायोलन्स’. साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन यांनी तो २००० मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये सुरू केला. त्याच वस्तीतले, अनेकदा स्वतः टोळीत राहिलेले मध्यस्थ भांडण पेटण्याआधी दोन्ही बाजूंना भेटतात. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्स आणि ईस्ट न्यूयॉर्कमध्ये गोळीबारातल्या जखमा घटल्या. बाल्टिमोरमध्ये मात्र वस्तीगणिक निकाल बदलले. निधी थांबला की अनुभवी मध्यस्थ जातात आणि त्यांच्या ओळखीही जातात. मध्यस्थ पोलिसांचा खबऱ्या आहे, अशी शंका आली की कामच संपतं. बाहेरच्या स्वयंसेवकानं या रस्त्यावर उतरू नये. मध्यस्थाच्या पगाराला हातभार लावावा.

एकट्यानं एका मुलाचे मार्गदर्शक व्हायचं असेल, तर किमान वर्षभर टिकता येईल का ते आधी ठरवा. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा आत्मविश्वास घटलेला दिसला आहे. तुरुंग दाखवून घाबरवणाऱ्या सहलींना तर पैसे देऊच नका, त्यांनी गुन्हे वाढतात. संस्था कोणतीही असो, पुढच्या वर्षीचा निधी कुठून येणार आणि समुपदेशक किती काळ टिकतात, हे धनादेश लिहिण्याआधी विचारा.