‘तुमचा स्वतंत्र सर्व्हर’ : संकेतस्थळाच्या व्यवहारात झालेली माझी फसवणूक

वसमतला हळद दळून पाकिटे विकण्याचा आमचा घरगुती व्यवसाय आहे. २०२१च्या दिवाळीनंतर पुण्या-मुंबईच्या ग्राहकांसाठी संकेतस्थळ करायचे ठरले आणि नात्यातल्या ओळखीने नांदेडच्या एका गृहस्थाकडे ते काम सोपवले. “दादा, मुंबईत तुमचा स्वतंत्र क्लाउड सर्व्हर राहील, जागा अमर्याद,” असे सांगून त्यांनी वर्षाला १८,००० रुपये आणि ग्राहकाची माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ नये यासाठी लागणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राचे वेगळे ३,००० रुपये घेतले. सर्व्हर म्हणजे संकेतस्थळ ज्यावर राहते तो संगणक. पावतीवर केवळ ‘वेबसाइट खर्च’ असे लिहिले होते. बाजार समितीत हळदीच्या वजनातल्या पाव किलोसाठी भांडणारा मी, त्या दोन शब्दांवर गप्प बसलो.

तिसऱ्या वर्षी, ऐन हळदीच्या हंगामात, एका रात्री संकेतस्थळाच्या जागी ‘खाते स्थगित’ अशी सूचना दिसू लागली. आठ दिवस “काम चालू आहे” हेच उत्तर मिळाले. शेवटी संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला बोलावले.

त्याने आमच्या संकेतस्थळाच्या नावामागचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर सर्व्हर ओळखण्याचा क्रमांक, काढला, तेव्हा तो युरोपातल्या एका कंपनीच्या नावावर नोंदलेला निघाला. सर्व्हरचे उत्तर परत यायला दीडशेच्या आसपास मिलिसेकंद लागत होते. इंटरनेटच्या केबलमधल्या काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे वसमत ते मुंबई जाऊन-येऊन, वाटेतले वळसे धरूनही, इतका वेळ लागायला नको. त्याच आयपी पत्त्यावर इतर कितीतरी दुकानांची संकेतस्थळे होती आणि त्यांपैकी जी आम्ही उघडून पाहिली, ती सर्व बंद होती.

मग खरा प्रकार कळला. क्लाउडमध्ये एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने भाग पाडून प्रत्येकाला ठरावीक मेमरी आणि प्रोसेसर असलेले आभासी यंत्र दिले जाते. आमच्या वाट्याला तेही नव्हते. एकाच यंत्रावर अनेकांना एकेक फोल्डर दिलेले असते, त्यातले एक फोल्डर आमचे होते. हे गृहस्थ स्वतःच घाऊक भाडेकरू होते. त्यांनी वरच्या कंपनीचे भाडे थकवले, त्यांचे खाते थांबले, आणि त्याखालचे आम्ही सगळे एकाच रात्री अंधारात गेलो. ‘अमर्याद’ जागेच्या अटींमध्येही फाइलींच्या संख्येवर मर्यादा होती. ज्या प्रमाणपत्रासाठी आम्ही तीन हजार मोजत होतो, ते लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे निघाले. ही ना-नफा संस्था अशी प्रमाणपत्रे २०१५ पासून विनामूल्य देते आणि सर्व्हर त्यांचे नूतनीकरण आपोआप करू शकतो.

हे पैसे गेले तर गेले, पण डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाचे, दुखणे मोठे होते. संकेतस्थळाचे नाव आणि ते जिथे राहते ती जागा या वेगळ्या वस्तू आहेत, हे मला ठाऊकच नव्हते. जागा बदलली तरी नाव आपल्याकडे राहिले, तर ते नव्या सर्व्हरकडे वळवता येते आणि ग्राहकाला फरक जाणवत नाही. ‘.इन’ नावांची मध्यवर्ती नोंद निक्सी या भारतीय संस्थेकडे असते, पण नोंदणी करणाऱ्या कंपनीतले आमचे खाते त्या गृहस्थांच्या नावाने आणि त्यांच्याच ईमेलवर उघडलेले होते. नाव दुसरीकडे न्यायचे तर लागणारा सांकेतिक क्रमांक खातेदारालाच मिळतो. तो देण्यासाठी त्यांनी २५,००० रुपये मागितले, जेव्हा अशा नावाचे वर्षाचे नूतनीकरण सहसा हजाराच्या आत होते. बॅकअपही त्याच सर्व्हरवर होता, त्यामुळे ग्राहकांच्या पत्त्यांची यादीही गेली.

मी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि त्या गृहस्थांचा ‘स्वतंत्र सर्व्हर’ हा संदेश जपून ठेवला आहे. नवे नाव माझ्या ईमेलवर, माझ्या खात्यातून पैसे भरून घेतले. दर रविवारी सगळ्या फाइलींची आणि मागण्यांची प्रत घरच्या हार्डडिस्कवर उतरते. तुमच्या दुकानाचे संकेतस्थळ असेल, तर डोमेनच्या खात्यात आजच स्वतः लॉगिन करून पाहा. पासवर्ड दुसऱ्याकडे असेल, तर हंगाम सुरू होण्याआधी तो मागा.

जुना पत्ता छापलेली तीन हजार पाकिटे अजून घरात आहेत. दुपारी आई त्यांवर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवत बसते.