कोक्विलाची डबी: फोटो एकीचा, पार्सल दुसरीचं

गेल्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याने साच्यात ओतलेली रेझीनची, म्हणजे कृत्रिम राळेची, डबी मला 'कोक्विला नटची, साधारण १८०० सालची' म्हणून ३४० पौंडांना विकली. पैसे परत मिळालेले नाहीत, आणि मिळतील असं आता वाटतही नाही. तरी हे सगळं लिहितोय, कारण तोच माल वेगळ्या नावाने अजून विकला जातोय. इथे राहणारे आपले बरेच लोक सुट्टीच्या दिवशी कार-बूट सेल (गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकायचे बाजार) आणि जुन्या वस्तूंचे बाजार पालथे घालतात. पुण्या-मुंबईतूनही अशा छोट्या वस्तू कुरिअरने मागवणारे माझ्या ओळखीत आहेत.

आधी कोक्विला म्हणजे काय ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी कुठे झाली ते त्याशिवाय कळणार नाही. ब्राझीलच्या बाहिया भागात अटालिया फुनिफेरा नावाचा ताडाच्या कुळातला वृक्ष होतो. झाडू-ब्रशांसाठी लागणारा पियासावा नावाचा राठ धागा त्याचाच. त्याच्या फळातलं बियांभोवतीचं जाड कवच, म्हणजे नारळात जी करवंटी असते तोच भाग, अतिशय कठीण आणि गडद तपकिरी असतो. त्याला आरशासारखी झिलई चढते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या कातारी लोकांनी आणि कोरीवकाम करणाऱ्यांनी त्यातून तपकिरीच्या डब्या, सुया ठेवायच्या नळ्या, जायफळ किसायच्या किसणीच्या डब्या, अत्तराच्या कुप्या असं बरंच काही घडवलं. त्यातल्या माणसाच्या आकाराच्या तपकिरीच्या डब्या मला सगळ्यांत प्रिय. एवढ्याशा कवचातून नाक, कोटाची बटणं, मोज्यांच्या चुण्या काढणारा हात कसा असेल, याचा विचार करत मी संग्रहालयांच्या काचेसमोर बराच वेळ उभा राहिलेलो आहे.

वेबसाइटवरच्या जाहिरातीतली डबी तशीच होती. तिकोनी टोपी घातलेला बुटका माणूस, पाठीवर बिजागरीचं झाकण, टोपीच्या डाव्या टोकाला लहानसा टवका. सोबत पिवळटलेलं टाइप केलेलं कार्ड: 'आजोबांच्या संग्रहातून'. मी फोनवर सविस्तर बोललो. माणूस अत्यंत सौजन्याने बोलला, घाई अजिबात केली नाही. मी झाकण उघडून आतले फोटो मागितले, ते तासाभरात आले. आणि त्या फोटोंतली डबी खरोखर कोक्विलाची होती! आतली भिंत खडबडीत, एका बाजूला बी बसण्याच्या पोकळीचा उरलेला खळगा, त्या खळग्याच्या कडेला दुसऱ्या तुकड्याची भरलेली गुडदी, म्हणजे भोक बुजवणारं बूच. ते बघून माझी खात्री पटली. पैसे मात्र त्याने वेबसाइटवरून घेतले नाहीत. 'तिथे कमिशन फार कापतात, तुम्ही थेट बँकेत भरा, मी ३० पौंड कमी करतो' असं म्हणाला. तीस वजा जाऊन ते ३४० झाले होते.

पार्सलमधून निघालेली डबी लांबून हुबेहूब तीच. तीच टोपी, तोच टवका. पण आत बोट फिरवलं तर भिंत गुळगुळीत, सगळीकडे सारख्या जाडीची. खळगा नाही, गुडदी नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं तेव्हा झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढे गोल बुडबुडे दिसले. टोपीच्या खालून हनुवटीपर्यंत साच्याचे दोन भाग जुळतात तिथली बारीक उभी रेघ होती, तिच्यावर घासून रंग मारलेला. कोरीवकामाच्या खाचांमध्ये साठलेली काळी 'जुनी घाण' कापसाला थोडं स्पिरिट लावताच निघून आली. मग मी त्याने पाठवलेले फोटो पुन्हा काढले. त्यांत डाव्या कानाच्या वर फिक्या ठिपक्यांचा पट्टा स्पष्ट होता. माझ्या हातातल्या डबीच्या कानावर काहीच नव्हतं. आतले फोटो एका अस्सल डबीचे होते आणि विक्रीला ठेवलेली वस्तू तिच्यावरून काढलेली नक्कल होती. टवका मूळ डबीला पडलेला. साच्याने तोही उचलला.

ही शंका पुढे पक्की झाली. काही आठवड्यांनी दुसऱ्या नावाच्या खात्यावर तोच बुटका माणूस दिसला, टोपीच्या त्याच टोकाला त्याच आकाराच्या टवक्यासकट. हाताने घडवलेल्या, दोनशे वर्षं वापरलेल्या दोन वस्तू एकाच जागी एकाच मापाने फुटत नाहीत. मला विचाराल तर या धंद्यातला हा सगळ्यांत सज्जड पुरावा आहे. आवडलेल्या वस्तूचा फोटो घेऊन इंटरनेटवर चित्रावरून शोध करा आणि तिचं सौंदर्य बाजूला ठेवून तिची मोडतोड जुळते का ते बघा.

सुईकामाची जुनी साधनं विकणाऱ्या एक वयस्कर बाई एका बाजारात नेहमी भेटतात. त्यांना मी ती डबी दाखवली. त्यांनी तोंडावरून एक नजर टाकली आणि थेट उलटी केली. मग आपल्या टेबलावरची कोक्विलाची सुयांची नळी उघडून माझ्या हातात दिली. तिचे आटे हाताने पाडलेले, थोडे जाड, एक-दोन ठिकाणी किंचित वाकडे, आणि शतकभर उघडझाप होऊन कडा मऊ झालेल्या. आडव्या कापलेल्या काठावर भिंगातून बारीक ठिपके दिसत होते. नळीच्या उभ्या अंगावर तेच ठिपके लांबट रेघा झालेले. कवचातले तंतू उभे धावतात, म्हणून आडवं कापलं की त्यांची टोकं दिसतात आणि उभं कापलं की त्यांची लांबी दिसते. हा बदल रंगाच्या ब्रशला नीट जमत नाही. माझ्या डबीवर रेघा होत्या, पण काठ ओलांडून पलीकडच्या कापावरही तशाच रेघा गेल्या होत्या. बाई म्हणाल्या, "फेस इज फॉर यू, इनसाइड इज फॉर मी." नक्कल करणारा सगळी मेहनत दर्शनी बाजूवर करतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय.

म्हणून आता मी आतला फोटो नुसता मागत नाही. एकाच फोटोत झाकण उघडलेलं, आतली भिंत आणि बाहेरची ओळखीची एखादी खूण, तिन्ही एकत्र दिसली पाहिजेत. शेजारी कागदावर माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली. त्याहून बरं म्हणजे छोटा व्हिडिओ, ज्यात डबी बंद आहे तिथपासून उघडेपर्यंत कॅमेरा थांबत नाही. अस्सल माल असलेला माणूस यावर कधी चिडलेला मी पाहिलेला नाही. 'आता वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये आहे' किंवा 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' असं उत्तर आलं तर तिथेच सोडून द्या.

मापही विचारा, मिलिमीटरमध्ये. कोक्विला नट लांबीला साधारण सात ते दहा सेंटिमीटर असतो. त्याहून मोठी वस्तू असेल तर तिच्यात जोड असलाच पाहिजे, आणि जुने कारागीर तो बहुधा आट्यांनी देत आणि कोरलेल्या पट्टीखाली लपवत. पंधरा सेंटिमीटरचा 'एकसंध कोक्विला' कुणी दाखवत असेल तर पुढे बोलायची गरज नाही.

वजन, थंडपणा, पाण्यात बुडणं यांवर विसंबू नका. दाट रेझीनही बुडतं. तापलेल्या सुईची परीक्षा तर कृपा करून करू नका. विक्रेते तिचे व्हिडिओ टाकतात. रेझीन मऊ पडतं हे खरं, पण वस्तू अस्सल निघाली तर दोनशे वर्षं टिकलेल्या कामावर तुम्ही स्वतःच्या हाताने डाग दिलेला असतो.

याच बाजारात कोक्विलाच्या जोडीला पांढरट, मधाळ रंगाच्या वस्तू दिसतात: अंगुस्तानाच्या डब्या, मोजपट्ट्या, सुयांच्या नळ्या. त्यांना व्हेजिटेबल आयव्हरी म्हणतात. ती टाग्वा नटची असते. इक्वाडोर, कोलंबिया, पनामा, पेरू इथल्या फायटेलेफस नावाच्या ताडाचं बी. आपल्या ताडगोळ्यासारखंच ते आधी पाणीदार, मग जेलीसारखं असतं. फरक इतकाच की पिकल्यावर ते दगडासारखं कठीण होतं. एकोणिसाव्या शतकात जहाजं भरभरून ते युरोपात आलं आणि त्याची बटणं घराघरांत पोचली. प्लास्टिक आल्यावर तो उद्योग ओसरला. इथे धोका उलट्या दिशेने येतो, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे. ब्रिटनमध्ये आयव्हरी ॲक्ट २०१८ हा कायदा ६ जून २०२२ पासून लागू आहे. मोजके अपवाद सोडले तर हस्तिदंताची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे काही लोक खऱ्या हस्तिदंताच्या वस्तू 'व्हेजिटेबल आयव्हरी' किंवा 'बैलाचं हाड' अशा नावाखाली खपवतात. घेणारा निष्पाप असला तरी ती वस्तू त्याला पुढे विकता येत नाही.

ओळखायला इथेही आकार आणि आतली बाजू कामाला येते. टाग्वाचं बी कोंबडीच्या अंड्याएवढं, आणि आत बहुतेक वेळा नैसर्गिक पोकळी किंवा भेग असते. सहा-सात सेंटिमीटरची सलग, भरीव, पांढरी मूर्ती टाग्वाची असणं फार अवघड आहे. हत्तीच्या दाताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानीदार रेघांची जाळी दिसते, टाग्वात ती नसते. हाडात भिंगातून काळसर ठिपके आणि बारीक रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. अतिनील दिव्याखाली टाग्वा आणि हस्तिदंत दोन्ही जवळपास सारखेच निळसर चमकतात, म्हणून 'दिव्याखाली तपासलंय' या वाक्याला काही किंमत नाही. गंधकाम्लाचा थेंब टाकला की टाग्वा गुलाबी होतो हे खरं आहे. पण तो डाग राहतो, तेव्हा ते प्रयोगशाळेवर सोडा.

भारतात घेऊन येणाऱ्यांनी आणखी एक बघावं. कोक्विलाच्या माणसांचे डोळे किंवा दात पुष्कळदा हाडाचे किंवा हस्तिदंताचे बसवलेले असतात. टाग्वा किंवा कोक्विलाला साइट्स कराराचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) बंधन नाही, पण हस्तिदंताच्या डोळ्याला आहे, आणि भारताचा वन्यजीव कायदा त्याबाबत अतिशय कडक आहे.

आता पैशांचं. मी तक्रार केल्यावर विक्रेत्याचं सौजन्य एका दिवसात संपलं. आधी 'तुम्हीच वस्तू बदलली' असा उलटा आरोप, मग मौन, मग खातं बंद. इथल्या ग्राहक हक्क कायदा २०१५ प्रमाणे व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. पण त्यासाठी समोर माणूस सापडावा लागतो. दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचं कुणी राहत नव्हतं. बँकेकडे गेलो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून खात्यात वळवून घेतलेले पैसे बँकांनी ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यायचे असा नियम आहे, त्यावर माझी आशा होती. बँकेचं उत्तर आलं की वस्तू तुम्हाला मिळालेली आहे, तिच्या दर्जाबद्दलचा हा खासगी वाद आहे, नियमात बसत नाही. मला हे मान्य नाही. ज्याने दुसऱ्याच वस्तूचे फोटो पाठवले त्याने ठरवून लुबाडलं, हा दर्जाचा वाद कसा? मी फेरविचाराचा अर्ज केलाय.

त्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच तीस पौंडांची सूट होती. क्रेडिट कार्डाने भरले असते तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांहून जास्त किमतीच्या वस्तूसाठी, कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. वेबसाइटवरून भरले असते तर तिची स्वतःची परतफेडीची सोय असते. विक्रेता तुम्हाला या दोन्हींतून बाहेर खेचत असेल तर सूट कितीही असो, नाही म्हणा. भारतातून पैसे पाठवले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. सुरुवातीच्या तासांत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. वस्तू, खोका, लेबल, सगळे संदेश जपून ठेवा, आणि विक्रेत्याने 'आधी वस्तू परत पाठवा' म्हटलं तरी पैसे मिळाल्याशिवाय ती हातातून सोडू नका. पुरावा तोच आहे.

सध्या ती नक्कल 'जॉर्जियन (इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली) कोक्विला स्नफ बॉक्स, फ्रेंच कैद्यांचं काम' अशा मथळ्याखाली फिरतेय. तिकोनी टोपी, डाव्या टोकाला त्रिकोणी टवका, पाठीवर दोन खिळ्यांची पितळी बिजागरी, पायाखाली पुसट 'एम' अक्षर. ते अक्षरही साच्यातलंच आहे. कुठे दिसली तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या आणि त्या वेबसाइटकडे नकली वस्तू म्हणून नोंदवा. माझ्या नोंदीनंतर एक खातं बंद झालंय.