म्हापशातली बार्सा जर्सी: साडेसहाशेला वाईट नाही

म्हापसा मार्केटात खेळाच्या कपड्यांचं एक अरुंद दुकान आहे. गोव्यात जिकडेतिकडे रोनाल्डोच टांगलेला. इथे मात्र स्पेनच्या बार्सेलोना फुटबॉल क्लबची, म्हणजे बार्साची, 2008-09 ची जर्सी मिळाली. अर्धी लाल, अर्धी निळी, छातीवर पिवळ्या अक्षरांत युनिसेफ. त्या हंगामात ला लीगा (स्पेनची लीग), कोपा देल रे (स्पेनचा कप), चॅम्पियन्स लीग (युरोपची स्पर्धा), तिन्ही त्यांचीच. कट्टर प्रतिस्पर्धी रिअल माद्रिदला त्यांच्याच बर्नाबे मैदानावर जाऊन 6-2 धुतलं. रोममधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध मेस्सीने हेडर मारला, त्याचं कौतुक आमचे बाबा अजून करतात, आणि बाबा पक्के माद्रिदवाले!

मालक पाठीवर 19, मेस्सीचा जुना नंबर, लावायला निघाला. म्हटलं, "पात्रांव (म्हणजे शेठ), रोनाल्डिन्यो गेला तेव्हाच मेस्सीला 10 मिळाला." हसला, 10 चिकटवून दिला. वेगळे पैसे नाहीत.

कापड साधं पॉलिएस्टर, घामाने अंगाला चिकटतं. थोड्याच धुण्यांत नंबरच्या कडा उचलल्या. माल ओरिजिनल नाही हे मालक आधीच सांगतो, म्हणून तक्रार नाही. शेतातल्या मॅचला घालणार असाल तर एक साइज मोठी घ्या. आणि शुक्रवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत तो ट्रायलसुद्धा देत नाही.