टमी टकआधी लोह वाढवायचं: गोळ्या की सलाइन?

टमी टक, म्हणजे पोटाची सैल त्वचा आणि चरबी काढायचं ऑपरेशन, ठरलं आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन 9.5 आलं, की बहुतेक सर्जन तारीख पुढे ढकलतात. बायकांमध्ये 12 च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि हौसेच्या ऑपरेशनसाठी रक्त चढवायची वेळ कशाला आणायची?

गोळ्या स्वस्त, सदाशिव पेठेपासून वाघोलीपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात. पण हिमोग्लोबिन महिन्याभरात साधारण एक-दोन ग्रॅमच चढतं. शिवाय बद्धकोष्ठता, मळमळ, काळी शौच. बऱ्याच जणी कंटाळून मध्येच सोडतात. दिवसाआड एक घेतली तर लोह चांगलं शोषलं जातं आणि पोटही कमी कुरकुरतं. गोळीवर लगेच अमृततुल्य मात्र नको, चहा लोह अडवतो.

सलाइनमधून फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज हे लोहाचं औषध दिलं तर एका बैठकीत 1000 मिलिग्रॅमपर्यंत लोह जातं. पोटाची कटकट नाही. खर्च मात्र हजारांत, क्वचित अ‍ॅलर्जी, आणि औषध शिरेबाहेर झिरपलं तर त्वचेवर महिनोन्महिने टिकणारा तपकिरी डाग. (सुंदर दिसायला निघालेल्या बाईला हे कोण सांगणार!) रक्त तयार व्हायला तरीही दोन-चार आठवडे लागतातच.

ऑपरेशनला दोन-तीन महिने असतील तर मी गोळ्याच म्हणेन; हाती महिनाच असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर सलाइन. त्याआधी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासाच. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी ठेवणारा आनुवंशिक रक्तदोष, असेल (सिंधी कुटुंबांत, म्हणजे आपल्या पिंपरीतही, तो बराच आढळतो) आणि लोह पुरेसं असेल, तर दोन्हींचे पैसे पाण्यात. पाळीत अंगावरून फार जात असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.